श्वास रोखा

दिवसभर मी लोकांना हेच सांगतो:
श्वास घ्या. रोखा. सोडा.
नेरूळच्या एका तळमजल्यावर, शिसं भरलेल्या दाराआड,
कुणाची फासळी, कुणाचं मनगट,
कुणाच्या छातीत पांढरं काहीतरी
ज्याबद्दल बोलायची मला परवानगी नाही.

साडेपाचला सुटलो की सारसोळेची जेट्टी.
अष्टमीचं पाणी, भांगाचं,
ना धड चढत, ना उतरत,
तिवरांच्या कडेने उकळून ठेवलेल्या चहासारखं.
चिखलात निवट्या डोळे वर काढून बसलेल्या,
नंबर कधी पुकारतात याची वाट बघत.

रॉडचे चार तुकडे जोडतो.
दोर मागे: घ्या.
हवेत सरळ होईपर्यंत: रोखा.
पुढे: सोडा.
सगळं त्या मधल्या थांबण्यात आहे
आणि तेच मला तीन वर्षं जमलं नाही.
घाई केली की फटाका वाजतो
आणि माशी तुटून जाते, तिवरांत कुठेतरी.

"हवेला चाबूक मारतंस क?"
जोमा तांडेल जाळं सांधता सांधता, मान वर न करता.
"वाऱ्यानं काय गुन्हा केलाय तुजा?"

त्याला मी माशी दाखवली होती.
माशी म्हणजे माशी नव्हे. गळावर
बायकोच्या फॉल-पिकोच्या रिळातला दोरा,
गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं,
आणि चिखलात सापडलेलं एक, रोहित पक्ष्याचं.
जवळा खाऊन खाऊन गुलाबी झालेलं पीस,
मी त्याचा परत जवळा केला.
जोमाने तळहातावर घेऊन हुंगलं.
"वास नाय याला," म्हणाला,
आणि दुसऱ्याचा रिपोर्ट हातात आल्यासारखं परत दिलं.

मग एका अश्विनात जिताडा आला.
आला म्हणजे, पाण्याला आधी खळगा पडला,
उंबर पडावं तसा एक गप् आवाज,
आणि दोर बोटं भाजत निघाला
थेट मुळांकडे, जिथे कालवांच्या धारा.
मी श्वास रोखला. सांगायला कुणी नव्हतं.

वीस मिनिटं. की पाच.
चांदीचा मासा, डोळ्यांत विझत आलेला निखारा.
पोटाखाली हात घातला आणि कळलं,
आत गाभोळी.
जिताडा लहानपणी नर असतो,
वाढला की मादी होतो, हे वाचलेलं होतं.
हाताला ते वेगळंच लागतं.

जेट्टीवर भाव सगळ्यांना पाठ.
एक पोरगा पिशवी उघडून तयार.
मी गळ काढला, तिचं तोंड पाण्याकडे धरलं,
पुढे, मागे, कल्ल्यांतून पाणी.
घ्या. घ्या.
आणि शेपटीने एकदा मनगटावर मारून ती गेली.

"दर्यानं दिलेला परत देतान क?"
त्यानंतर महिनाभर जोमा बोलला नाही.
त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.
त्याचा बाप याच पाण्यावर जगला,
कारखान्यांच्या आधी, पुलांच्या आधी.
मी पगारावर जगतो.
परत करणं मला परवडतं.

काल तो समोर उभा होता.
शर्ट खुंटीवर, हनुवटी पाटीला टेकवलेली,
खांद्यांवर पागाच्या दोरीचे जुने वळ.
खोकला तीन महिन्यांचा, चिठ्ठीत लिहिलेलं.
"आत काय हाय ते तुला कलतं म्हनं,"
भिंतीकडे बघत म्हणाला.
"गाभोली निघली तर सोडशील क मना?"

मी काचेमागे गेलो.
श्वास घ्या.
रोखा.
त्याने रोखला, पाग फेकण्याआधी रोखावा तसा.
पडद्यावर चित्र उमटत गेलं,
आधी गळपट्टी, मग फासळ्या, मग
मी बघत राहिलो.

पलीकडे जोमा तसाच, छाती भरलेली,
अजून माझ्या शब्दाची वाट बघत.